गुडघ्यांची नेमणूक

मोटारीत चालकाशेजारच्या आसनासमोर, डॅशबोर्डमध्ये, एक झाकणाचा खण असतो. त्यात गाडीची कागदपत्रं, एक न पेटणारी विजेरी आणि 'कधीतरी लागेल' या सदरात मोडणारं बाकी सगळं असतं. एका संध्याकाळी या खणाचा खटका मोडला आणि पुढचा गतिरोधक येताच झाकण खाडकन उपप्रमुखांच्या पत्नीच्या गुडघ्यांवर आदळलं. जीवितहानी झाली नाही.

"आई गं!" पत्नी कळवळली.

"थांब," उपप्रमुख म्हणाले, "आधी पाहणी करू."

उपप्रमुख म्हणजे एका मोठ्या कार्यालयाच्या देखभाल विभागाचे उपप्रमुख. त्यांच्या कारकिर्दीत त्या इमारतीतली एकही वस्तू दुरुस्त झाली नव्हती आणि एकही बंद पडली नव्हती. गळक्या नळाखाली बादली होती आणि बादलीवर शिपाई होता. एका दाराला कडी नव्हती, म्हणून एक कारकून त्या दाराला पाठ टेकूनच काम करी. तो रजेवर गेला की बदली कारकून टेके. विभागात याला 'तात्पुरती व्यवस्था' म्हणत. तात्पुरत्या व्यवस्थेचा मोठा गुण असा की ती कायम टिकते.

"अहो, गॅरेज वाटेतच आहे," पत्नी गुडघे चोळत म्हणाली. "नवा खटका बसवून घ्या की."

"खटका काय, कोणीही बसवेल. व्यवस्था लावायला डोकं लागतं."

प्रथम पत्नीच्या केसांचं रबर वापरण्यात आलं. पहिल्याच खड्ड्यात ते तुटून उपप्रमुखांच्या कानशिलावर बसलं, तेव्हा या उपायात मूलभूत त्रुटी असल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. मग खोकी बांधायची रुंद चिकटपट्टी आली. उन्हात तिचा डिंक वितळला. झाकण सुटलं ते सुटलंच, पण पत्नीच्या नव्या ब्लाउजची बाही डॅशबोर्डला चिकटून फाटली आणि एका समारंभाला तिला शाल पांघरून जावं लागलं, ऐन उन्हाळ्यात. लोकांनी तब्येतीची चौकशी केली.

तिसऱ्या टप्प्यात चुंबक आलं. फ्रिजच्या दाराच्या रबरात चुंबकाची पट्टी असते, हे उपप्रमुखांना ठाऊक होतं. त्यांनी ती वीतभर कापून काढली. डॅशबोर्ड प्लास्टिकचा आहे ही बाब अंमलबजावणीनंतर निदर्शनास आली. कापलेली पट्टी परत बसेना, फ्रिजचं दार लागेना. तेव्हा उपप्रमुखांच्या मातोश्रींना फ्रिजला पाठ टेकून स्टुलावर बसवण्यात आलं.

"नाहीतरी आई दिवसभर बसूनच असते," उपप्रमुख म्हणाले.

"हो रे बाबा," आई म्हणाल्या. "आणि पाठीला गारही लागतं."

एवढं होईपर्यंत पत्नीनं गाडीत बसल्याबरोबर झाकणाला गुडघे लावून ठेवायची सवय केली होती. दुसरं करणार काय? उपप्रमुखांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "बघ! वीज लागत नाही, तेल लागत नाही, आवाजही नाही. मी म्हणत नव्हतो, सुचेल काहीतरी?" व्यवस्था मार्गी लागली. गतिरोधक आला की ते आपुलकीनं सांगत, "गुडघे."

आणि अशात पत्नीला नोकरी लागली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत. लग्नाआधी ती हेच काम करायची. आता पुन्हा बोलावणं आलं होतं. तिकडे बस जात नव्हती, पण गाडी चालवायचा परवाना तिनं काढून ठेवला होता. उपप्रमुखांना न्यायला कार्यालयाची गाडी येई, त्यामुळे घरची गाडी दिवसभर दारातच उभी असे.

"सोमवारपासून गाडी मी नेते," ती म्हणाली.

"ने की. मी कुठं अडवतोय? फक्त खण कोण धरणार, तेवढं सांग."

"काय?"

"तू चालवायला बसलीस की तुझी जागा रिकामी. पर्यायी माणूस मिळाल्याशिवाय पद सोडता येत नाही. हा नियम काही मी केलेला नाही."

"मी कधी घेतलं हे पद?"

"गुडघे लावलेस तेव्हा."

"मी गेले असते रे हिच्या शेजारी बसायला," फ्रिजकडून आवाज आला, "पण मग दूध नासेल."

"ऐकलंस? मनुष्यबळच नाही," उपप्रमुख म्हणाले. "त्या लोकांना कळव, व्यवस्था झाली की येते म्हणून."

"सोमवारी गेले नाही तर ते दुसरीला घेतील."

"घेऊ देत. दात काय पळून जातात?"

सोमवारी सकाळी उपप्रमुख दाढी करत असताना अंगणातून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. तोंडाला फेस तसाच घेऊन ते धावले. गाडी वळणावरून दिसेनाशी होत होती आणि शेजारच्या आसनावर कोणीही नव्हतं. "खण!" ते ओरडले.

पहिल्या गतिरोधकाला झाकण खाडकन पडलं. पत्नीनं सवयीनं गुडघे आवळले. पण गुडघे आता दुसरीकडे होते. झाकण हवेत लोंबकळत राहिलं आणि कोणालाच लागलं नाही. पुढच्या सिग्नलला तिनं त्यावर आपला जेवणाचा डबा ठेवून पाहिला. छान राहिला.

संध्याकाळी कार्यालयाच्या गाडीचं दार दोरीनं धरणारा माणूस अर्ध्या दिवसाच्या रजेवर गेला होता, सबब गाडी निघू शकली नाही. उपप्रमुखांनी नाइलाजानं पत्नीला फोन केला. ती आली. ते शेजारी बसले. कोपऱ्यावरच गतिरोधक होता.

"आई गं!" उपप्रमुख कळवळले.

"थांबा," ती म्हणाली, "आधी पाहणी करू."

"अगं, हळू चालव की!"

"हळूच चालवतेय. गुडघे लावा. वीज लागत नाही, तेल लागत नाही."

गॅरेज वाटेतच होतं. गाडी थांबवायला उपप्रमुखांनीच सांगितलं. नखाएवढा खटका बसायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. 'छोट्या बिघाडाकडे दुर्लक्ष नको' या विषयावर त्यांनी त्याच आठवड्यात विभागात व्याख्यान दिलं. दाराला टेकलेल्या कारकुनानं जागेवरूनच टाळ्या वाजवल्या.

आई मात्र अजून फ्रिजपाशीच आहेत. फ्रिजचं दार उपप्रमुखांच्या गुडघ्यांवर पडत नाही.

तुम्ही हसलात, बरं वाटलं. तुमच्या घरात असलं काही नाही, सगळं कसं वर्षानुवर्षं न कुरकुरता चाललंय, हेही ऐकून आहे. एकदा वाकून बघा. खाली कोणाचे तरी गुडघे असतील.