गाठीला नळी हवी होती

मिरजेच्या गोदाक्का मगदूम यांच्या पोटातल्या कॅन्सरच्या गाठीनं एका सकाळी रक्तवाहिनी मागितली. गोदाक्का तेव्हा भाकरी थापत होत्या.

"आजवर झिरपेल तेवढ्यावर भागवलं," गाठ म्हणाली. "आता वाढायचं, तर स्वतःची नळी पाहिजे."

"मला काय सांगतीस? आतला कारभार मी बघत न्हाई," गोदाक्का म्हणाल्या. तव्यावरची भाकरी उतरवून त्या सुनेला, रत्नप्रभेला घेऊन दवाखान्यात गेल्या.

डॉक्टर शहापुरे यांनी पोटाला कान लावून गाठीचं म्हणणं पुरतं ऐकलं. "आक्का, रक्तवाहिनीभोवती प्रथिनांचा पातळ पडदा असतो. नवा फाटा फुटायचा तर त्याची परवानगी लागते."

"तुम्ही काढूनच टाका की ती," रत्नप्रभा म्हणाली.

"काढणारच. पण आक्कांच्या अंगात रक्त कमी आहे. ते भरून येईपर्यंत गाठ वाढता कामा नये."

गाठीनं पडद्याकडं परवानगी मागितली. पडद्याचा आवाज घोगरा होता. "या वाहिन्या माझ्या अंगाखांद्यावर वाढल्या," तो म्हणाला. "गाठीसाठी एकही देणार नाही."

"मग तुला फाडून नेईन," गाठ म्हणाली.

"फाड. पण माझे तुकडे माझ्याहून हट्टी आहेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी गाठीनं पडदा फाडला. गोदाक्कांच्या पोटात कळ आली आणि त्या भिंतीला टेकून बसल्या. फटीतून वाहिनीचा कोवळा कोंब गाठीकडे निघाला. तेवढ्यात पडद्याचे तुकडे उठले आणि वाटेत आडवे बसले.

"ये की पुढं," गाठ कोंबाला म्हणाली.

"कसा येऊ? ज्यांच्या अंगावर वाढलो, तेच आडवे बसलेत," असं म्हणून कोंब मागं फिरला.

"लई दुखतंय का रं?" गोदाक्कांनी फाटल्या पडद्याला विचारलं.

"फाटल्यावर दुखणारच. तुम्ही जेवून घ्या, आक्का. रक्त वाढलं पाहिजे."

रत्नप्रभेनं नाचणीची आंबील पुढं केली. गोदाक्का निमूट प्याल्या.

महिनाभर गाठ आवळ्याएवढीच राहिली. कुरकुरायची, पण वाढली नाही. गोदाक्कांच्या अंगात रक्त भरलं आणि ऑपरेशन ठरलं.

डॉक्टरांनी पोट उघडलं, तर तुकड्यांनी त्यांनाही अडवलं. "कोण तुम्ही?"

"आक्कांचा डॉक्टर. नळी टाकायला नाही, गाठ न्यायला आलोय."

तुकड्यांनी आपसांत थोडा विचार केला आणि ते सरकून बसले.