खांबेट्यांची दुसरी सही

शेअर बाजारातल्या इंडेक्सच्या ऑप्शनचं नाव काढलंत की खांबेटे आधी तुमचं मनगट धरतात आणि ओरडतात, "दुसरी सही कुणाची?"

कोलकात्याच्या आमच्या मराठी मंडळात त्यांची हीच ओळख. आम्ही दोघे एकाच बँकेतून निवृत्त झालो. एकाने व्हाउचर लिहायचं, दुसऱ्याने तपासून सही करायची, हे त्यांच्या हाडांत मुरलेलं. बाजारातही त्यांना तेच हवं असतं.

गेल्या महिन्यात मंडळात, सेक्टर फाइव्हच्या आयटी कंपनीत नोकरी करणारी केतकी म्हणाली, "काका, ऑप्शन विकून महिन्याला थोडं उत्पन्न मिळेल ना?"

"मिळेल की! आणि वर्षभराचं एका दिवसात जाईल! विकणाऱ्याला मिळतं ते ठरलेलं, जातं त्याला तळ नाही. संरक्षणाला दुसरा ऑप्शन विकत घेतलास? नाही? मग विकू नकोस. सुरुवातीला एकच लॉट, सौद्याचा लहानात लहान गठ्ठा. किती तोटा झाला की बाहेर पडायचं ते आधी कागदावर लिही आणि कागद नवऱ्याकडून तपासून घे."

"त्याला यातलं काही कळत नाही."

"उत्तम! त्याला समजावताना कळेल, तुलाही कळत नाही!"

सगळे हसले. सचिव म्हणाले, "स्वतः सॉल्ट लेकचा फ्लॅट उडवून बेहालात भाड्याने राहतात आणि चालले शिकवायला!"

या हसण्याने माझं डोकं फिरतं. त्याहून जास्त स्वतःवर फिरतं, कारण इतकी वर्षं मीही त्यात हसत आलोय. आता खरं काय ते ऐका.

खांबेटे या धंद्यात पडले ते माझ्या नादाने. प्रत्येक सौदा कागदावर लिहून ते माझ्याकडे तपासायला आणत. दुसरी सही माझी. त्या दिवशी कागदावर पुट विकायचे होते, म्हणजे बाजार पडला तर भरपाई यांनी करायची. संरक्षणाचा रकाना रिकामा होता.

"संरक्षणाला खालच्या भावाचा पुट घेऊन ठेवू का रे? थोडे पैसे जातील."

मी टीव्हीवर मॅच बघत होतो. "कशाला? बाजार एवढा पडतो का कधी?" म्हणालो आणि न वाचता सही ठोकली.

दोन दिवसांत बाजार कोसळला आणि भरपाईत त्यांचा फ्लॅट गेला. मंडळाने त्यांना हावरट ठरवलं. त्यांनी विचारलं होतं हो! मी नालायक गप्प बसलो. आणि हा माणूस सगळ्यांना सांगत सुटला, "माझीच अक्कल गहाण पडली होती."

गेल्या आठवड्यात मी बेहालाला गेलो. म्हटलं, "आता सगळ्यांना खरं सांगतो."

"खबरदार!" ते भडकले. मग स्वयंपाकघरातल्या बायकोकडे बघून आवाज खाली आणला. "सुमतीला भाऊ नाही. या गावात भाऊबीजेला तिच्यासमोर पाटावर बसणारा तू एकटा. फ्लॅट गेला तो गेला. तिचा भाऊ कशाला घालवू?"

मी उठलो आणि स्वयंपाकघरात जाऊन सुमतीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. पोळी लाटायची थांबली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी खांबेट्यांचा फोन आला. "गाढवा, काय करून गेलास! इतकी वर्षं लपवलं म्हणून ती माझ्याशीही बोलत नाही. भाऊबीजेला ये."

"तिने बोलावलंय?"



"नाही. मी बोलावतोय. मला एकट्याने जेववत नाही रे."