पार्किंगखालचं पाणी

“पाणी तपासणीत पास झालं नाही, तर सेक्रेटरीपद सोडेन!” बुद्धभूषणने भर मीटिंगमध्ये ठणकावलं आणि त्याच्या बायकोने, मृणालीने, कपाळाला हात लावला.

जळगावात नळाला दिवसाआड पाणी, आणि यांच्या अपार्टमेंटच्या पार्किंगखाली मात्र बारमाही झरा! रोज मोटार लावून तो गटारात सोडायचा आणि वर झाडं वाळू द्यायची, हे बुद्धभूषणला बघवत नव्हतं. ते पाणी तपासून झाडांना आणि संडासाच्या फ्लशला वापरावं, एवढंच त्याचं म्हणणं. पण दुसऱ्या मजल्यावरच्या हिलालभाऊंचं एकच पालुपद, “गटार घरात घेता का?”

झालं! लॅबच्या बाटलीत बुद्धभूषणने पार्किंगचं पाणी भरलं, वर ‘पिऊ नये’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि सकाळपर्यंत फ्रीजमध्ये ठेवलं. नेमके त्याच संध्याकाळी पारोळ्याहून सासरे टपकले, पंडितनाना. त्यांची सरबराई करताना जावयाचा अर्धा जीव फ्रीजमध्ये! सकाळी बाटली जागच्या जागी, काठोकाठ भरलेली. तान्हं बाळ न्यावं तशी त्याने ती लॅबमध्ये नेली.

नाना गावी परतल्यावर चार दिवसांनी रिपोर्ट आला; तो उघडायला सगळी सोसायटी बुद्धभूषणच्याच हॉलमध्ये जमली. उन्हाने सगळ्यांचे घसे कोरडे पडलेले. मृणालीने थंड पाण्याचे ग्लास फिरवले. हिलालभाऊंनी रिपोर्ट ओढून मोठ्याने वाचला, “जंतूंचं प्रमाण जास्त. घरगुती वापरास अयोग्य!”

“मी म्हनत नव्हतो? बठ्ठं गटारनं पानी शे!” हिलालभाऊंनी घटाघटा ग्लास संपवला. “द्या राजीनामा!”

बुद्धभूषण तणतणत स्वयंपाकघरात गेला. “असं कसं फेल होतं? झऱ्याचं पाणी!”

“अहो, हळू,” मृणाली रडकुंडीला आली होती. “ते तपासलंच नाही. नानांचा चष्मा पारोळ्यालाच राहिला होता. रात्री त्यांनी ती बाटली रिकामी केली.”

“काय! मग नाना...?”

“ठणठणीत आहेत! काल फोनवर म्हणत होते, ‘जवाईना घरनं पानी भलतं गोड शे!’”

“मग मी लॅबमध्ये काय दिलं?”

“तुमचं पद जाऊ नये, पाणी हमखास पास व्हावं, म्हणून मी बाटलीत आपल्या फिल्टरचं भरलं.”

बुद्धभूषणने फिल्टरकडे पाहिलं. मग मृणालीच्या हातातल्या, पाहुण्यांना पाणी वाढून रिकाम्या झालेल्या जगाकडे पाहिलं. त्याला दरदरून घाम फुटला.

“वहिनी!” बाहेरून हिलालभाऊ ओरडले. “अजून एक जग आना! तुमच्या फिल्टरचं पानी म्हनजे अमृत!”

बुद्धभूषण दारात आला.

“पाणी राहू द्या, भाऊ,” तो पडेल आवाजात म्हणाला. “चहा घेऊ. चांगला उकळलेला!”