करीमचाचाची शिसवी दांडी

करीमचाचा मिस्त्री कोनाची बिजलीची मोटर पाहाले गेला का पयले तिले चावे.

म्हंजे दात नाई लावे. त्याच्यापाशी हातभर लांब शिसवी दांडी व्हती. तिचं एक टोक मोटरच्या अंगावर टेकवे, दुसरं आपल्या दातात धरे, अन् डोये मिटून बसे. पाह्यनाऱ्याले वाटावं, बुढा ऊस खाता खाता झोपला. मंग दांडी काढून बडनेऱ्याच्या फलाटावर आयकू जाईन असा वरडे, "पोट दुखते इचं!"

दांडी कोनाच्या हाती देत नसे. अन् बोलनाऱ्याच्या तोंडात तंबाखू असला तं पयले थुकाले लावे. "तोंड साफ कर, मंग बोल!" लोक म्हनत, बुढ्याची नवाबी.

मी सुतार. शाळेत मी एकदाच गेलो, दार बसवाले. लढाईचे दिवस, नवी मशीन कुठी भेटते? अकोल्याच्या एका बंद पडेल कापसाच्या जिनातली जुनी गोल करवत म्या मोटरसकट आनली. मशीन घरी याच्या आधीच हातानं ओंडके कापनाऱ्या आपल्या दोन्ही करवत्यायले सांगून टाकलं, "आता तुमी घरी बसा भाऊ, माह्या घरी बिजली येऊन राह्यली." ते काही घरी नाई बसले, तिवश्याले दुसऱ्याच्या कामावर गेले. इकडं नांदगाव खंडेश्वरच्या एका बागवान्याच्या पोरीचं लग्न, घराले नवे दारं पाह्यजे, अन् दाराचे लाकडं माह्या आंगनात ओंडक्यासारखे, म्हंजे ओंडकेच, पडेल. कापाले कोनी नाई. सगळा जीव त्या मशीनवर.

तेलानं माखेल मोटर. म्या मन लावून पुसाले घेतली. तिच्या अंगावरच्या डबीतून सहा तारा निंगाल्या, सगळ्या काळ्या. अन् दर तारेले दोरा बांधेल! एकीच्या दोऱ्याले एक गाठ, दुसरीच्याले दोन, कोन्या दोऱ्याले पुढं चिंधी. म्या फडकं टाकून मांगं सरकलो. बायकोले म्हनलं, "जिन काहून बंद पडला ते आता समजलं वं. कोन्या दुस्मनानं गंडे बांधले!"

ते म्हने, "हात नोका लावू आवो."

मंग म्या चिमट्यानं एकएक दोरा सोडला, वरतून लिंबू उतरवला, अन् सगळं नेऊन इहिरीत टाकलं. तारा पुन्हा जोडतानी डोक्सं लावलं: सारख्या लांबीच्या दोन-दोन तारायच्या जोड्या जमवल्या. सुताराले दुसरं काय समजते?

नारय फोडला. सारी गल्ली जमा. खटका दाबला. मोटर फिरे नाई, नुसती गुरगुरे. मंग जयेल वास सुटला. गर्दीतून कोनीतरी वरडला, "सुतारभाऊ, भाकर टाक ना तिले, चावन!"

म्या खटका उचलला अन् करीमचाचाले आनाले पयालो.

चाचा आल्या आल्या म्हने, "पयले पट्टा काढ!" हे त्याचं नेहमीचं. मोटर एकटी फिरू द्याची, करवतीचं वझं तिच्यावर नाई टाकाचं, मंग रोग समजते. पन तो हे सगळ्याइलेच सांगे. दोघं भांडत असले तरी मधात जाऊन म्हने, "पयले पट्टा काढा, मंग बोला!"

डबी उघडून त्यानं माह्याकडं पाह्यलं. "दोरे कुठी हाये?"

म्या तोंडातला तंबाखू थुकला. "इहिरीत."

"काहून?"

"गंडे व्हते ना चाचा. लिंबू पन उतरवला."

बायको पदर तोंडाले लावून हासली, दारातले लोक हासले, चाचा पन हासला. मंग कपाय धरून खाली बसला. "अबे, मोटरच्या पोटात तीन गुंडाये हाये. एका गुंडायाचे दोन टोकं. कोनतं टोक कोनाचं, सुरू कोनतं अन् खतम कोनतं, हे पयल्या मिस्त्रीनं गाठी मारून ठेवलं व्हतं. तारा सगळ्या काळ्या, मंग आमी दुसरं काय करावं? अन् तू त्याइले बुडवून आला!"

तारायले बिजलीचा दिवा लावून त्यानं जोड्या हुडकल्या. दिवा पेटला का दोन टोकं एका गुंडायाचे. पन सुरू कोनतं, खतम कोनतं, हे दिवा सांगत नाई. ते मोटरच सांगन. त्यानं आपल्या अंदाजानं तारा जोडल्या, खटका दाबला, दांडी चावली. गुरगुर. खटका बंद. एका गुंडायाचे टोकं उलटे केले. पुन्हा दांडी. पुन्हा गुरगुर. ते टोकं पयल्यासारखे करून दुसऱ्याचे उलटवले.

तेवढ्यात माह्यी बायको त्याच्या मांगून म्हने, "चाचा, चा ठेवू काय?"

जवाब नाई. थोड्या वेळानं पुन्हा इचारलं. नाई. मंग बायको भांडे आपटत आत गेली. "आपल्या घरचा चा चालत नसन नवाबाले!"

तितक्यात मोटरनं गुरगुर सोडली अन् अशी फिरली, जसं लोन्यात रवी. चाचा दांडी दातात धरूनच हासला. म्या टाया वाजवल्या. मंग पाह्यलं तं मोटर उलटी फिरून राह्यली! चाचानं खटका बंद केला, बाहेरून येनाऱ्या तीन तारायपैकी दोनची अदलाबदल केली. सुलटी झाली. पट्टा चढवला, अन् बागवान्याच्या पयल्या ओंडक्याची फयी निंगाली. मले लाकडाच्या भुशाचा लाडू खावावा वाटला.

गल्लीतले लोक गेले. मशीन बंद करून चाचा तारायले नवे दोरे बांधाले बसला. त्याच्या मांगं, म्या रचेल फयायची थप्पी धडाडधूम पडली. माह्यी रचाई, पडनारच. मी उडालो, बायको किंचायली, कुत्रं कुंपनापार गेलं. चाचा गाठ मारून राह्यला. मान पन हालली नाई.

मी हऊ हऊ समोर जाऊन बसलो. बोटानं आपला कान दाखवला.

चाचानं पडेल थप्पी पाह्यली, मंग मले. "कोनाले सांगू नोको!" असा वरडला, का म्या पयात जाऊन दार लावलं. "सारी उमर इंजनघरात गेली. कान तिथंच राह्यले. भयऱ्या मिस्त्रीले मोटरजवळ कोन जाऊ देईन?"

म्या तोंडावर बोट ठेवलं. माह्यासारख्या बोलभांडानं.

मंग त्यानं दांडी पुसली, दातात धरली, अन् दुसरं टोक माह्या जबड्यावर टेकवलं. तसाच दांडीच्या बाजूनं म्हने, "सारे हासतात तुह्या बोलन्यावर. मी आपला लोकायचे दात पाहून हासतो. बोल ना काही."

जलमभर माह्यं तोंड बंद नाई. अन् तवा एक शब्द निंगन तं शपथ.

"तार तुटली काय?" चाचा म्हने.

शेवटी म्या म्हनलं, "चाचा, चा घेता काय?"

चाचानं डोये मिटले, मोटर आयकतानी मिटे तसे. मंग दांडी काढली.

"घेतो ना," तो म्हने. "कवाचा आस लावून बसलो. कोनी इचारूनच नाई राह्यलं."