माश्यांनीं कायम नोकरीचा गड चढोन घेतला, त्याची हकीकत

कैफियत ऐसीजे. थोरांच्या मोहिमा लिहिणारे होऊन गेले, त्यांस हत्ती मिळाले, घोडे मिळाले, तोफा मिळाल्या. येथें फळमाशी मिळाली, आणि तीही तिळाएवढी. तरी जें घडलें तें यथास्थित लिहावें, पदरचें मीठ घालूं नये, घातलेंच तर चवीपुरतें, ऐसें मनीं धरोन हें लिहिलें असे.

विद्यापीठीं अनुवंशशास्त्राच्या एक बाई होत्या. किताब सकलमक्षिकाप्रतिपालक डॉक्टर बाईसाहेब, आणि पाठ वळतांच नुसतें "माशीबाई". माणसांचे हात कां कांपतात, पाय कां अडखळतात, याचा शोध त्या माशीच्या मेंदूंत घेत. माशीच्या अंगीं कंपवाताचा दोष उतरवावा, मग तो कोणत्या जनुकानें दुरुस्त होतो तें पाहावें, ऐसा उद्योग तपभर चालिला. लोकांनीं पुसावें, "एवढं शिकून माश्याच मारता होय?" आणि बाईंनीं हसावें आणि मनांत म्हणावें, मारत नाही हो, जगवते. नोकरी मात्र दरसाल मुदतीची. दरसाल अर्ज, मग दरसाल मिनतवारी, मग मोठ्या मेहेरबानीनें आणखी एक साल.

मध्यें बाळंतपण आलें. बाळंतिणीस रजा मिळाली, माश्यांस मिळाली नाहीं. नव्या पिढीस वेळेवर ताज्या खाण्याच्या नळींत न हलविलें तर वाणच बुडतो. म्हणोन बाईंनीं फौजेची एक तुकडी घरीं आणिली, आणि एका हातीं लेक आणि दुज्या हातीं नळी, ऐसें उभय प्रजेचें संगोपन केलें. सासूबाईंचें फर्मान निघालें कीं स्वयंपाकघरांत एकही नळी दिसतां कामा नये. मग मसलत होऊन नळ्या पुस्तकांच्या कपाटांत खालचे खणीं गेल्या, आणि लेक धांवूं लागली तरी तेथेंच नांदत राहिल्या.

पुढें कायम जागा निघाली. निवडसमिती खासा येऊन काम पाहील, पसंत पडल्यास वतन, न पडल्यास प्रयोगशाळा रिकामी करोन माश्यांचे वाण मोडीत काढावे, ऐसा खलिता आला. परीक्षा सोपी. नळी ठोकावी म्हणजे माश्या तळाशीं पडतात. धडधाकट माशी लागलीच वर चढते, आजारी तळींच धडपडते. दुरुस्त केलेली वर चढली, तर बाई तरल्या.

विभागप्रमुख साहेब थोर मनाचे आणि बेताच्या अकलेचे. आजवर प्रयोगशाळेंत पाऊल न टाकिलेले, ते त्याच सकाळीं टाकिते जाहले. बाई लेकीस पाळणाघरीं पोंचवावयास गेल्या होत्या. पाहुण्यांपुढें माश्यांची भणभण नको, म्हणोन साहेबांनीं कर्बवायूची तोटी नळ्यांत सोडिली. वायूनें माशी निजते हें खरें, परंतु क्षणभर द्यावा आणि पुढें दिवसभर विसावा द्यावा, हा रिवाज. साहेबांनीं तोटी सोडिली आणि फोन आला तों बोलतच राहिले. बाई येऊन पाहतात तों आजारी, दुरुस्त, धडधाकट, अवघी फौज उताणी.

"सर, हे काय केलंत?"

"शांत केल्या. बरं दिसतं पाहुण्यांपुढे."

"अहो, त्या चढल्या तरच माझी नोकरी आहे!"

"मग उठवा ना. थोडं पाणी मारा."

बाईंनीं कांहीं मारिलें नाहीं, हा त्यांचा संयम. मग घरीं सासूबाईंस फोन लाविला.

"आई, कपाटातल्या नळ्या आणाल? निळ्या बोळ्याच्या दुरुस्त, लाल बोळ्याच्या आजारी. हादरवू नका, तान्ह्या बाळासारख्या आणा."

"अगं, माशी बसली म्हणून मी ताट टाकून देते, आणि आता त्यांना रिक्षातून मिरवू?"

"आई, नोकरी जाईल."

"जाते कशी! निघालेच."

इकडे समिती दाखल जाहली. बाईंनीं वेळ काढावयास जनुकाचें नांव सांगितलें, मग त्याच्या चुलत्यांचीं सांगितलीं. अध्यक्ष ताऱ्यांचे जाणकार, सजीवांशीं संबंध जेवणापुरता. त्यांस जांभई आली, आणि इतक्यांत कुमक पोंचली. सासूबाई पिशवी छातीशीं धरोन दारांत उभ्या.

"प्रत्येक खड्ड्याला रिक्षा थांबवली. तो मेला विचारतो, आत बाँब आहे का?"

अध्यक्षांची मर्जी जाहली कीं नळ्या दस्तुरखुद्द ठोकाव्या. लाल एका हातीं, निळी दुज्या हातीं, आणि खिळा ठोकावा तैशा मेजावर आपटिल्या. तोंडचे दोन्ही कापूसबोळे उडाले. लाल नळींतील फौज तळींच धडपडत राहिली. निळींतील नळी चढली, मग मनगट चढली, मग बाही, मग टाय, आणि अध्यक्षांच्या टकलावर जाऊन तिनें ठाणें दिलें.

"चढल्या की गं!" सासूबाई म्हणाल्या.

विभागप्रमुख गुंडाळलेलें वर्तमानपत्र उगारोन धांवले. सासूबाईंनीं त्यांचें मनगट धरिलें. "खबरदार! घरच्या आहेत त्या."

आणि अध्यक्ष, नाकावर माशी असतां, दगडासारिखे उभे राहोन हुकूम देते जाहले, "मोजा, मोजा! मी हलत नाही."

मोजणी जाहली आणि त्याच बैठकींत बाईंस कायमपद बहाल जाहलें. विभागप्रमुखांनीं, सर्व तजवीज आपण जातीनें केली होती, ऐसें वर कळविलें आणि शाबासकीही घेतली. टकलावरोन उडालेल्या फौजेस धरोन आणावें कीं काय, ऐसें पुसतां बाईंनीं मना केलें. ज्यांस चढतां येत नव्हतें त्या चढोन गेल्या, त्यांस आतां खालीं कशास बोलवावें. येणेंप्रमाणें फत्ते जाहली, ती दप्तरीं नमूद असे.