सतरा नंबरची नागव्वा

बिराजदार सरांनी अठरा वर्षांत एकच पेपर लिहायला घेतला, आणि तोही पुरा केला नाही. आमच्या मेडिकल कॉलेजात बाकीचे डॉक्टर सहा महिन्यांत एक पेपर पाडतात, एकमेकांची नावं एकमेकांच्या पेपरात घुसवतात आणि बढती घेऊन मोकळे होतात. सरांचेच विद्यार्थी आज प्रोफेसर होऊन सरांच्या रजेच्या अर्जावर सह्या करतात. विभागाची टायपिस्ट मी, सगळ्यांचे पेपर माझ्याच हातून गेलेत, म्हणून सांगते.

सरांचा विषय दमा. पेशंट चाळीस, दरवर्षी तपासायचे. आता एखादा पेशंट यायचा बंद झाला, की त्याच्यापुढं ‘गळाला’ असं लिहून पुढं जायचं. सर्रास चालतं. सर मात्र भडकायचे. "गळाला? माणूस आहे का नळ?" की निघाले फुंकायचं यंत्र पिशवीत टाकून एसटीनं. होटगी काय, टेंभुर्णी काय! एकाला शोधून आणेपर्यंत दुसरे दोघे गायब.

यंदा सर निवृत्त होणार. बढतीची फाइल येत्या शनिवारी बंद, पेपर त्याआधी पुरा हवा. एकोणचाळीस जण झाले होते, राहिली एकटी मंद्रूपची नागव्वा, नंबर सतरा. "चार वर्षं झाली, सापडतच नाही हो," सर म्हणायचे. शेवटी रविवारी मीच त्यांच्याबरोबर निघाले. म्हटलं, बघतेच कशी सापडत नाही ती!

म्हातारी दारातच शेंगा फोडत बसली होती.

"या डाक्टर! आज लई उशीर केला की. गेल्या रव्वारी तर सकाळीच आल्ता."

मी कपाळावर हात मारला. "आजी, तुम्ही दवाखान्यात का येत नाही?"

"मी तितं आले तर हे हितं कशाला येतील? लेकरं समदी पुण्याला. हेंच्याबी घरात कोन न्हाय."

सर मान खाली घालून भाकरी-चटणी खात होते. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, गेल्यापासून त्यांना असं पोटभर जेवताना मी पाहिलं नव्हतं. जेवण झाल्यावर नागव्वानं यंत्रात फुंकलं. छाती ठणठणीत.

परतीच्या एसटीत मी वही उघडली. "सर, आकडा सांगा."

"पत्ता लागला नाही, असं लिहा."

"अहो सर, शनिवारी फाइल बंद होतेय! सगळ्या जन्माचं काम मातीत जाईल!"

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पेपर संपला, की तिच्या दारात काय म्हणून जाऊ हो?"

मला असा राग आला, आणि रडूही आलं. शेवटी मी सतरा नंबरपुढं लिहिलं, पत्ता लागला नाही.