जगदेवची पाठ

जपानला येऊन दीड महिना झाला तरी जगदेव एकाही माणसाशी धड बोलला नव्हता. कारंज्याच्या शेटजींनी त्याला कापसाच्या गाठींबरोबर धाडलं होतं, गिरणीवाल्यांना प्रत दाखवायला. प्रत दाखवायला बोलावं लागत नाही; कापूस चिमटीत धरून ओढला की झालं. बाकी दिवसभर समोरचा कमरेत वाकायचा, हाही वाकायचा, आणि गप्पा तिथंच संपायच्या. गावाकडं, धनजला, दिवसभर पारावर गप्पा हाणणाऱ्या माणसाला ही शिक्षाच की.

त्यात गिरणीला सुट्टी लागली. पाहुण्याची सोय म्हणून त्याला गरम झऱ्यांच्या गावी नेऊन सोडलं. जिकडंतिकडं जमिनीतून वाफा, आणि सगळं गाव पाण्यात बसलेलं.

"चुलीबिगर पानी तापते इथं," जगदेव स्वतःशीच म्हणाला, "पन सांगू कोनाले?"

एका पहाटे आभाळात चंद्राची बारीक कोर दिसली आणि त्यानं बोटांवर तिथी मोजली. आज नरकचतुर्दशी. निघताना त्याची बायको रुख्मिणी हिनं तेलाची बाटली आणि उटण्याची पुडी दिली होती.

"पन पाठ कोन चोयीन तुमची?" तिनं विचारलं होतं.

"तिथं का मानसं नाहीत?" हा ऐटीत म्हणाला होता.

माणसं होती हो, पण सांगायचं कसं? त्यानं हातपाय, छाती, पोट तेलानं माखलं, वर उटणं थापलं. पाठीला काही हात पुरेना. खांबाला घासून पाहिली, तर खांबालाच तेल लागलं. शेवटी लंगोट कसून तो तसाच कुंडात उतरला. आत पाचसहा म्हातारे गळ्यापर्यंत बुडून निवांत बसले होते.

"राम राम," जगदेव म्हणाला.

एक म्हातारा हसला. जगदेवला इतकं बरं वाटलं, की तो सरकून त्याच्याजवळ गेला. तेलाचा तवंगही त्याच्याबरोबर सरकला. पाणी पिवळं व्हायला लागलं. म्हातारा उठला. मग दुसरा उठला, तिसरा उठला.

"काहून उठून राह्यले, भाऊ? मी काय खातो तुमाले?"

कुंड रिकामं झालं. सणासुदीच्या दिवशी पिवळ्या पाण्यात एकटाच बसलेल्या जगदेवला रडू यायला लागलं.

तेवढ्यात कुंड राखणारी म्हातारी आली. पाणी पाहिलं आणि तिचं तोंड सुरू झालं. हात धरून तिनं त्याला बाहेर ओढलं, लाकडी चौरंगावर बसवलं आणि खरबरीत फडक्यानं घासायला घेतलं. तिथली रीत अशी, की आधी बाहेर अंग घासून धुवायचं, मग कुंडात बसायचं. ही रीत त्याला कोण सांगणार?

"जरा हयू, बुढे, कातडं निंगते ना."

म्हातारीनं लांबलचक काहीतरी सुनावलं.

"घान नाही ते, उटनं हाय. दिवाई हाय आज आमची."

तिनं आणखी सुनावलं.

"असं कसं म्हनता? मले कोनं सांगतलं का?"

तिनं त्याची मान खाली दाबली आणि मानेपासून कमरेपर्यंत खसाखसा पाठ चोळली. दोघं मनसोक्त भांडत होते, एकाचं एक अक्षर दुसऱ्याला कळत नव्हतं. जगदेवच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि त्याला फार फार बरं वाटत होतं.

मग तिनं खुणेनं समजावलं: आधी बाहेर धुवायचं, मग आत. जगदेवनं मान डोलावली. सगळं अगदी नीट कळलं होतं त्याला.

दुसऱ्या दिवशी तो पहाटेच उठला, उरलेलं तेल अंगभर चोपडलं, आणि म्हातारी नजर वर करीपर्यंत थांबून मग कुंडात पाय घातला.